उमेदवारी कोणाची आणि खुर्ची कोणाची?

पंधरा दिवसांमागें एक शेतकरी गृहस्थ आमच्या कचेरींत आले. बसा म्हटल्यावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "साहेब, पोरगी राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झाली. एका आमदाराच्या कचेरीत वर्षभर काम शिकायला मुंबईला ये म्हणत्यात. पगार न्हाई. काम शिकली की पुढं सरकारी नोकरीची वाट निघंल, असं सांगत्यात. मुंबईत ऱ्हायचं-खायचं म्हंजे महिन्याला धा-बारा हजार. दुभती म्हैस इकावी म्हणतो. तुमी काय सांगता?"

आम्ही त्यांस त्याच दिवशीं उत्तर दिलें नाहीं. प्रश्न एका घरचा होता, पण त्याचें उत्तर एका घरापुरतें नव्हतें. आज खेड्याखेड्यांतून मुली व मुलगे पदव्या घेऊन घरीं बसले आहेत, आणि त्यांच्या आईबापांपुढें हाच प्रश्न या ना त्या रूपानें उभा आहे. म्हणून थोडी चौकशी करून आम्ही तें उत्तर सर्व वाचकांसमक्ष देत आहों.

ज्याला हल्लीं इंटर्नशिप म्हणतात त्याला आपल्या भाषेंत उमेदवारी हा जुना आणि नेमका शब्द आहे. निवडणुकीची उमेदवारी ती निराळी. ही काम शिकण्याची उमेदवारी. सुताराच्या, लोहाराच्या, शिंप्याच्या घरांत हा शब्द समजावून सांगावयास नको. पूर्वीं पोरगें उस्तादाच्या हाताखालीं बसे, रंधा धरावयास किंवा भाता ओढावयास शिके, चुकलें तर बोलणीं खाई. पण दोन वेळचें जेवण उस्तादाच्या चुलीवर असे. पगार नसला तरी पोट उपाशीं नसे. धंद्याच्या उमेदवारीचा हा न्याय होता.

कचेरींतली उमेदवारी मात्र वेगळ्या जातीची होती. इंग्रजी अमदानींत कचेरीच्या कोपऱ्यांत उमेदवार म्हणून बसणारा तरुण नकला करी, दप्तर लावी, कारकुनाचें काम हलकें करी. त्यास पगार नसे. कारकुनाची जागा रिकामी झाली कीं तिच्यावर पहिली नजर त्याची, कारण काम त्यालाच ठाऊक. यांत वरून पाहतां अन्याय कांहींच दिसत नाहीं. कोणीही यावें आणि बसावें! पण ज्याच्या घरीं लिहिण्याचें वळण होतें आणि वर्ष दोन वर्षें बसून खाण्याइतकें धान्य होतें, तोच तेथें बसूं शकला. कुणब्याचें पोर पेरणी टाकून तेथें कसें बसणार? दाराला कुलूप नव्हतें. दार उघडेंच होतें. परंतु उंबरा इतका उंच होता कीं रिकाम्या पोटीं तो ओलांडतां येत नव्हता.

कायदेमंडळांतल्या सभासदाजवळची उमेदवारी ही याच वाटेची आजची पायरी आहे. तिचें काम काय, तें आधीं पाहूं. सभागृहांत विधेयक आलें कीं तें वाचून त्यांत शेतकऱ्याच्या किंवा विणकराच्या पोटावर पाय कोठें पडतो तें हुडकणें. मंत्र्यांस विचारावयाचा प्रश्न नियमांत बसेल असा लिहिणें. लक्षवेधी सूचनेचा मसुदा करणें. अंदाजपत्रकांतून आपल्या जिल्ह्याचे आंकडे वेंचून काढणें. मतदारांच्या अर्जांस उत्तर देणें आणि कोणता अर्ज कोणत्या खात्याकडे जातो तें शिकणें. हें काम एक वर्ष ज्यानें मन लावून केलें, त्यास सरकार नांवाच्या गिरणीचें जातें कोठें आणि खुंटा कोठें, हें कळतें. आमच्या खेड्यांतील माणूस जन्मभर त्या गिरणीच्या दाराशीं रांगेंत उभा राहतो. तिच्या आंत काय चालतें हें त्यास कोणी दाखवीत नाहीं. म्हणून या विद्येची किंमत आम्ही कमी समजत नाहीं. ती आमच्या घरांत आलीच पाहिजे.

आतां या उमेदवारींतून सरकारी हुद्यापर्यंत मनुष्य खरोखर पोंचतो काय? याचें सर्वांत स्पष्ट उत्तर अमेरिकेंत मिळतें. इ. स. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांस दास्यांतून मुक्त केल्याबद्दल अमेरिकेच्या लोकांस अर्पण केला, तेव्हांपासून त्या देशाकडे पाहण्याची आमच्या वर्गास संवय आहे. तेथें चांगलें असेल तें घ्यावें आणि वाईट असेल तें ओळखावें.

अमेरिकेच्या कायदेमंडळास काँग्रेस म्हणतात. आपल्याकडील त्या नांवाच्या पक्षाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. त्याचीं दोन सभागृहें: प्रतिनिधिगृहांत ४३५ सभासद, सेनेटमध्यें १००. प्रत्येक सभासदाची स्वतःची कचेरी असते, तिचा खर्च सरकारी खजिन्यांतून चालतो, आणि तेथील नोकर नेमण्याचा अधिकार त्या सभासदाचा असतो. त्यासाठीं आपल्यासारखी स्पर्धापरीक्षा नाहीं. पहिल्या पायरीचा नोकर दाराशीं बसून येणाऱ्याजाणाऱ्यांस भेटतो व फोन घेतो. दुसऱ्या पायरीचा मतदारांच्या पत्रांस उत्तरें लिहितो. तिसऱ्या पायरीचा शेती, आरोग्य, शिक्षण अशा एकेका विषयाचा अभ्यास करून सभासदास सल्ला देतो. त्याच्यावर सर्व कायदेविषयक कामाचा प्रमुख, आणि सर्वांवर कचेरीचा मुख्य कारभारी. पुढें कोणी सभागृहाच्या समित्यांच्या नोकरींत जातो, कोणी सरकारी खात्यांत जातो, कोणी स्वतःच निवडणुकीस उभा राहतो. आणि या शिडीच्या पायथ्याशीं उमेदवार उभा असतो. पहिल्या पायरीची जागा रिकामी झाली म्हणजे सभासद अनोळखी माणसापेक्षां, जो चार महिने आपल्या कचेरींत राबला त्यालाच आधीं बोलावतो. हें कोठेंही स्वाभाविकच आहे.

उदाहरणें पाहा. केंटकी राज्याचे मिच मॅककॉनेल यांनीं १९६४ सालीं सेनेटर जॉन शर्मन कूपर यांच्या कचेरींत उमेदवारी केली. पुढें ते दुसऱ्या एका सेनेटरचे कायदेविषयक साहाय्यक झाले, मग न्यायखात्यांत हुद्यावर गेले, मग आपल्या काउंटीचे मुख्य झाले, आणि १९८४ सालीं स्वतः सेनेटवर निवडून आले. मेन राज्याच्या सुसान कॉलिन्स यांनीं विल्यम कोहेन यांच्या कचेरींत उमेदवारीपासून आरंभ केला, पुढें कित्येक वर्षें त्यांच्याच हाताखालीं नोकरी केली, आणि कोहेन निवृत्त होतांच १९९६ सालीं त्यांच्याच जागेवर त्या निवडून आल्या. कमला हॅरिस यांनीं विद्यार्थिदशेंत कॅलिफोर्नियाचे सेनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांच्याकडे उमेदवारी केली. २०१७ सालीं त्याच सेनेटच्या जागेवर त्या स्वतः बसल्या आणि २०२१ सालीं देशाच्या उपाध्यक्ष झाल्या. म्हणजे टपाल फोडणारे हात पुढें कायदा करणारे हात होऊं शकतात, हें खोटें नाहीं.

परंतु ज्या दारानें हे आंत गेले त्या दारानें आणखी कोण जाऊं शकत होतें, हा आमचा प्रश्न आहे. वॉशिंग्टन हें महागडें शहर. तेथें दोनचार महिने पदरचें खाऊन, पदरचें भाडें भरून फुकट काम करणें ज्याच्या बापास परवडेल त्याचेंच पोर उमेदवार होऊं शके. मजुराचें पोर त्या सुट्टींत हॉटेलांत भांडीं घासून पुढल्या सहामाहीची फी जमवीत असे. अध्यक्ष जॉन्सन यांच्या नांवाची एक पगारी उमेदवारी प्रतिनिधिगृहांत १९७० नंतरच्या दशकांत सुरू झाली होती. ती १९९० नंतरच्या दशकांत खर्चाचें निमित्त काढून बंद करण्यांत आली. त्यानंतर फुकट उमेदवारी हाच तेथील सर्वसाधारण रिवाज होऊन बसला.

ही गोष्ट ज्यांस बोंचली त्यांत स्वतः अशी बिनपगारी उमेदवारी केलेले गरीब घरचे तरुण होते. त्यांनीं 'पे अवर इंटर्न्स' म्हणजे 'आमच्या उमेदवारांस वेतन द्या' या नांवाची संस्था काढली. २०१७ सालीं तिनें एकेका कचेरीकडे चौकशी करून जाहीर केलें कीं, प्रतिनिधिगृहांतील शंभरांत दहा सभासदही आपल्या उमेदवारांस पैसे देत नाहींत. जे सभासद बाहेर कष्टकऱ्यांच्या मजुरीवर भाषणें करीत, त्यांच्याच कचेरींत फुकटचे हात राबत होते! ही लाज चव्हाट्यावर आली तेव्हां २०१८ सालीं काँग्रेसनें उमेदवारांच्या वेतनासाठीं पैसा निराळा काढला: प्रतिनिधिगृहासाठीं ८८ लक्ष डॉलर आणि सेनेटसाठीं ५० लक्ष डॉलर. प्रतिनिधिगृहाच्या प्रत्येक सभासदास वर्षाला २० हजार डॉलरपर्यंत रक्कम या कामीं खर्चण्याची मोकळीक मिळाली. मूठभर पोरांनीं आंकडे हातांत घेऊन मागणी केली आणि दोन वर्षांच्या आंत तिजोरी उघडली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

तथापि कथा येथें संपत नाहीं. पगार सुरू झाल्यावर त्याच संस्थेनें पुन्हां हिशेब मांडला. २०१९ सालीं पगार मिळालेल्या उमेदवारांत गोरे शेंकडा ७६ निघाले, जेव्हां देशांतील पदवीच्या विद्यार्थ्यांत ते शेंकडा ५२ च होते. काळ्या लोकांचीं व लॅटिन अमेरिकी वंशाचीं मुलें त्यांच्या संख्येच्या निम्म्यानेंही आंत आलीं नाहींत. कारण उघड आहे. वेतन आलें, पण निवड ओळखीपाळखीनेंच राहिली. जागा आहे ही बातमीच ज्याच्या वस्तीपर्यंत पोंचत नाहीं, तो अर्ज कोठून करणार? पैसा दिल्यानें उंबरा खालीं आला. पण दार कोठें आहे हें सांगणारा कोणी नव्हता.

त्याच देशांत याहून बरी रीतही आहे. कॅलिफोर्निया राज्याच्या विधानसभेनें १९५७ सालापासून पगारी उमेदवारी चालविली आहे. निवड जाहीर अर्ज मागवून होते, वेतन मिळतें, अकरा महिने पूर्ण वेळ काम असतें, आणि जोडीला तेथील सरकारी विद्यापीठाचा अभ्यासक्रम असतो. काम, अन्न आणि विद्या या तिन्ही गोष्टी एके ठिकाणीं बांधल्या म्हणजे उमेदवारी ही उमेदवारी होते. नाहीं तर ती वेठबिगार.

कोणी म्हणेल, अमेरिकेच्या गोष्टी आम्हांस कशाला? त्यांस आमचें सांगणें कीं, हा रोग आणि त्यावरचा उतारा दोन्ही आपल्या मुलखांत आधींच पाहिलेले आहेत. जोतीरावांनीं १८८३ च्या सुमारास 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांत सरकारी खात्यांत एकाच वर्गाचे कामगार भरल्यामुळें शेतकरी कसा नाडला जातो हेंच सांगितलें. इ. स. १८९४ सालीं शाहू छत्रपतींनीं कोल्हापूरचा कारभार हातीं घेतला तेव्हां तेथील सर्वसाधारण कारभाराच्या ७१ जागांपैकीं ६० जागांवर ब्राह्मण होते, आणि कारकुनीच्या सुमारें ५०० जागांत ब्राह्मणेतर अवघे १० होते. ब्राह्मणेतरांस कोणी कायद्यानें मनाई केली नव्हती. पिढ्यान् पिढ्या काम शिकण्याची जागाच त्यांस मिळाली नव्हती, एवढेंच.

महाराजांनीं काय केलें, त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. त्यांनीं केवळ 'या आणि अर्ज करा' असें म्हटलें नाहीं. खेड्यांतील मुलास कोल्हापुरांत राहावयास छप्पर नव्हतें, म्हणून १९०१ सालापासून वसतिगृहें उघडलीं. फीस पैसा नव्हता, म्हणून शिष्यवृत्त्या दिल्या. आणि २६ जुलै १९०२ रोजीं मागासलेल्या वर्गांसाठीं शेंकडा ५० जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. छप्पर, अन्न आणि मग जागा! या तिहींपैकीं एकही गाळलें असतें तर बाकीचीं दोन फुकट गेलीं असतीं. अमेरिकेस जें २०१८ सालीं अर्धें समजलें तें करवीरच्या राजानें शंभर वर्षांपूर्वीं पुरतें ओळखलें होतें.

आतां आपल्या आजच्या स्थितीकडे येऊं. येथें एक गोष्ट वाचकांस स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण पुष्कळांची फसगत येथेंच होते. अमेरिकेंत उमेदवारींतून सभासदाच्या कचेरींतली सरकारी खर्चाची नोकरी सरळ मिळते. आपल्याकडे तशी वाट नाहीं. आमदारांच्या खासगी कामांत असलेला मनुष्य कायमचा सरकारी नोकर होत नाहीं. विधिमंडळाचें सचिवालय घटनेच्या १८७ व्या कलमाप्रमाणें स्वतंत्र आहे आणि त्यांतील भरती तेथल्या नियमांनीं होते. तहसीलदार, उपजिल्हाधिकारी, मंत्रालयांतील कक्ष अधिकारी या जागा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेवांचून मिळत नाहींत. तेव्हां 'वर्षभर फुकट काम कर, मग चिकटवून देतों' असें जो सांगतो तो एक तर स्वतः अज्ञानी आहे किंवा तुम्हांस अज्ञानी समजतो.

मग उमेदवारी व्यर्थ काय? तसेंही नाहीं. दिल्लींत पी. आर. एस. या संशोधन संस्थेनें २०१० सालीं 'लॅम्प' नांवाची उमेदवारी सुरू केली. पंचविशीच्या आंतल्या पदवीधरास एका खासदाराबरोबर दहाअकरा महिने काम करावयास मिळतें. विषय कोणताही चालतो आणि दरमहा विद्यावेतन असतें. महाराष्ट्र सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ सालीं निघाली, मध्यें बंद पडली आणि २०२३ सालीं पुन्हां सुरू झाली. ती कायदेमंडळाची नव्हे, कारभाराच्या खात्यांची आहे. पण वाट तीच. साठ जागा, वय २१ ते २६, पदवीस ६० टक्के गुण, आणि एक वर्षाच्या कामाचा अनुभव अशा तिच्या अटी आहेत. पूर्ण वेळ केलेली उमेदवारीही या अनुभवांत धरली जाते. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळीं राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा विद्यापीठांतील राज्यशास्त्र व लोकप्रशासन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं संसदीय अभ्यासवर्ग भरवीत आली आहे. थोड्या दिवसांचाच, पण सभागृह डोळ्यांनीं दाखविणारा. या सर्वांतून परीक्षेच्या मुलाखतींत उभें राहण्याचें धैर्य येतें, संशोधनाच्या व सामाजिक संस्थांतून काम मिळतें, आणि उद्यां स्वतः पंचायत समितीस किंवा जिल्हा परिषदेस उभें राहिलें तर कागद कसा हलतो हें ठाऊक असतें.

पण येथेंही फट पाहा. पगारी जागेसाठीं एक वर्षाचा अनुभव मागावयाचा, आणि तो अनुभव बहुतेक ठिकाणीं फुकट राबूनच मिळवावयाचा! म्हणजे पुन्हां जुन्या कचेरीचाच न्याय. ज्याच्या घरीं एक वर्ष बसून खाण्याइतकें आहे त्यानें पहिली पायरी चढावी, आणि बाकीच्यांनीं शिडीकडे पाहत राहावें. शिवाय या जागांच्या जाहिराती बहुतेक शहरांतच वाचल्या जातात, आणि पुष्कळ ठिकाणीं अर्जाबरोबर इंग्रजीत निबंध मागतात. ज्या मुलीनें तालुक्याच्या कॉलेजांत मराठींतून राज्यशास्त्र शिकलें तिला विधेयक समजत नाहीं असें नाहीं. तिला तें इंग्रजीत सजवून सांगतां येत नाहीं एवढेंच. महाराष्ट्राचें विधिमंडळ मराठींत बोलतें आणि त्याच्या उमेदवारास मात्र इंग्रजीची चाळणी, हें कोणत्या न्यायानें?

दुसरा धडा २०२४ सालच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा. बारावी झालेल्यास दरमहा ६ हजार, आय. टी. आय. किंवा पदविकाधारकास ८ हजार आणि पदवीधरास १० हजार देऊन सरकारनें हजारों तरुणांस सरकारी कचेऱ्यांत व खासगी आस्थापनांत शिकावयास बसविलें. वेतन दिलें ही गोष्ट चांगली झाली. मुदत प्रथम सहा महिने होती, पुढें अकरा महिने झाली. मुदत संपली तेव्हां कायम करा म्हणून हे तरुण आंदोलनास बसले. त्यांचें दुःख आम्ही जाणतों. पण शिकविण्याचा हेतु कोणता आणि पुढची पायरी कोणती, हें आरंभींच ठरविलें नाहीं तर उमेदवारी ही बेकारीची काढलेली मुदत होते, याचा हा दाखला आहे.

आमची मागणी यावरून निघते आणि ती हिशेबानें मांडतां येते. विधानसभेचे २८८ आणि विधानपरिषदेचे ७८ मिळून आपले ३६६ सभासद. प्रत्येकाजवळ वर्षाला एक उमेदवार सरकारी खर्चानें ठेवावा. दरमहा १५ हजार रुपये विद्यावेतन धरलें तर एका उमेदवाराचे वर्षाचे १ लक्ष ८० हजार, आणि ३६६ जणांचे ६ कोटि ५८ लक्ष ८० हजार रुपये होतात. राज्याच्या अंदाजपत्रकांत ही रक्कम पायलीच्या ढिगांतील चिमूटभरही नाहीं. पण नुसत्या पैशानें भागत नाहीं, हें अमेरिकेनें दाखविलें. म्हणून जाहिरात मराठी वर्तमानपत्रांत व प्रत्येक तालुक्याच्या कॉलेजांत लागली पाहिजे. निवड सभासदाच्या मर्जीवर न सोडतां अर्ज व परीक्षा घेऊन, मराठींत, जिल्हावार झाली पाहिजे. सरकारी नोकरीप्रमाणें येथेंही आरक्षण असलें पाहिजे. मुलांची व मुलींची राहण्याची सोय मुंबईस व नागपुरास झाली पाहिजे. आणि कोणत्या घरचीं, कोणत्या जिल्ह्यांतलीं मुलें घेतलीं याचा आंकडा दरसाल सभागृहापुढें आला पाहिजे. जो आंकडा लोकांपुढें येत नाहीं तो कोणाच्या तरी सोयीसाठीं झांकलेला असतो.

कांहीं सभासद म्हणतील, कार्यकर्ते फुकट मिळतात तर पगार कशाला? त्यांस आमचा उलट प्रश्न आहे: आपण स्वतः वेतन, भत्ता आणि पुढें निवृत्तिवेतन घेतां तें कां? काम केलें म्हणूनच ना? मग आपला प्रश्न जी मुलगी रात्रीं जागून लिहिते, तिच्या कामास किंमत नाहीं काय? मजुरास किमान वेतन देण्याचा कायदा ज्या देशांत आहे तेथल्याच विधिमंडळांत फुकट मजुरी चालावी, हें शोभत नाहीं.

ही सोय होईल तेव्हां होईल. तोंपर्यंत आमच्या वाचकांनीं काय करावें? मूल अशा कामास पाठवितांना चार गोष्टी तोंडी नव्हे, लेखी विचाराव्या. राहण्याखाण्याचा खर्च कोण देणार? काम कोणतें: विधेयकें व प्रश्न यांचें कीं पिशव्या उचलण्याचें आणि सभेंत खुर्च्या मांडण्याचें? परीक्षेच्या अभ्यासास रोज किती वेळ मोकळा मिळेल? आणि शेवटीं केलेल्या कामाचा दाखला तपशिलासह मिळेल काय? मुलगी असेल तर राहण्याची जागा स्वतः जाऊन पाहावी. उत्तरें सरळ मिळालीं तर अवश्य पाठवावें, अर्ध्या वाटेनें भीतीपोटीं मागें ओढूं नये. उत्तरें मिळालीं नाहींत तर समजावें कीं त्यांस उमेदवार नको, बिनपगारी गडी हवा आहे.

आणि जीं मुलें मुंबईस जाऊं शकत नाहींत त्यांच्यासाठीं गांवांतही उमेदवारी आहे. ग्रामपंचायतीचें अंदाजपत्रक मागून वाचा, ग्रामसभेचें इतिवृत्त लिहावयास बसा, २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखालीं अर्ज कसा करावा तें शिका, सभागृहांतील चर्चेचे अहवाल वाचा. तेथें भाडें लागत नाहीं आणि कोणाची ओळखही लागत नाहीं.

परवां ते शेतकरी गृहस्थ उत्तरासाठीं पुन्हां आले, तेव्हां बरोबर मुलगीही आली होती. आम्ही त्यांस वरील सर्व वाचून दाखविलें आणि म्हटलें, "म्हैस विकूं नका. जी उमेदवारी दुधाचें भांडें उपडें करून घ्यावी लागते ती तुमच्यासाठीं नव्हे. आमदारांस पत्र लिहा, चार प्रश्न विचारा, आणि विद्यावेतन मागा. मागण्यांत लाज नाहीं. फुकट राबवून घेण्यांत आहे." बाप गप्प राहिले. मुलीनें कागद मागितला आणि आमच्याच टेबलावर बसून पत्र लिहिलें. अक्षर स्वच्छ होतें, मागणी स्पष्ट होती, आणि नियमांचा आधार तिनें असा दिला होता कीं आम्हांस एक शब्दही बदलावा लागला नाहीं.

ज्या मुलीस असें पत्र लिहितां येतें तिला विधेयक वाचतां येईल, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. तिला बसावयास खुर्ची आणि तोंवर दोन वेळचें अन्न देण्याची लाज या राज्याच्या विधिमंडळास आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न उरला आहे. पत्राचें उत्तर आलें कीं, होकार असो वा नकार, आम्ही तें याच जागीं वाचकांस सांगूं.